मोठी घागर

कुंडल (ता. पलूस, जि. सांगली)
१३ जून

प्रिय मैत्रिणी,


तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. एवढं लांबलचक पत्र हातानं लिहिणारी माझ्या ओळखीत आता तू एकटीच उरलीस. अक्षर अजून तसंच आहे गं, सांगलीत कॉलेजला एका खोलीत राहायचो तेव्हाचं, उजवीकडं झुकलेलं. उत्तर लगेच लिहायचं होतं, पण मृग तोंडावर आला आणि आमच्या पोरांची बाटल्या मांडायची घाई सुरू झाली. कसल्या बाटल्या ते पुढं सांगते.

इथं तसं सगळं ठीक. निवृत्त झाल्यापासून सकाळ मोकळी असते, म्हणून डोंगराकडं फिरायला जाते. झरी पार्श्वनाथाच्या बाजूला करंजीला नवी पालवी आली आहे. आडसाली उसाच्या लागणीसाठी रानं तयार करायची लगबग चालू आहे. वळीव यंदा दोनदा झाला, एकदा गारांसकट. मृग लागून पाच दिवस झाले, ढग रोज येतात आणि नुसतेच पुढं जातात. पारावर बसलेली म्हातारी माणसं वर बघतात आणि गप्प बसतात.

तुझ्या पत्रातलं धुराचं वर्णन वाचून पोटात कालवलं. कॅनडातल्या २०२३ च्या जूनमधल्या त्या वणव्यांच्या बातम्या आम्ही इथं पाहिल्या होत्या, पण नातवाला आठवडाभर अंगणात सोडता आलं नाही, खिडक्यांच्या फटींना तू ओली फडकी लावलीस, हे बातमीत कुठं येतं? त्यानंतर तू हवामानबदलाचं काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात नाव घातलंस, याचा मला फार आनंद झाला. साठीनंतर पुन्हा वही-पेन घेऊन बाकावर बसायला उमेद लागते.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, “तुमच्याकडं हे कोण शिकवतं? आणि शिकवून कार्यकर्ता तयार होतो का?” त्याचं उत्तर दोन ओळींत देता येण्यासारखं नाही. म्हणून आज दार लावून बसले आहे.

शिकवते मीच, आणखी दोघंतिघं मिळून. तीस वर्षं भूगोल शिकवला, त्याचा उपयोग होतोय. आम्ही एकवीस जण आहोत. शेती पदविका करणारी दोन मुलं, बारावी झालेल्या तीन मुली, बचत गटातल्या सहा जणी, द्राक्षबागायतदार, साखर कारखान्यात पाळी करणारा एक जण, मेंढरं राखणारा एक तरुण, आणि पाटकरी म्हणून काम केलेले एक आबा. दर रविवारी सकाळी नऊला जमतो, कधी देवळाच्या सभामंडपात, कधी कुणाच्या परड्यात.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली होती. पहिल्या रविवारी फळ्यावर पृथ्वी काढली, सूर्य काढला, कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण काढलं. पॅरिसचा २०१५ चा करार सांगितला, जगाच्या सरासरी तापमानातली वाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर रोखायचा प्रयत्न करायचा असं ठरलं, ते सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते. तास संपता संपता बचत गटातल्या एक आक्का उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, राग मानू नगा. सकाळी थंडी वाजती, दुपारी अंगाची लाही हुती. एका दिसात पंधरा अंश हिकडचं तिकडं हुतंय. मग दीड अंशानं काय बिघडतंय?”

मी गप्प झाले. उत्तर मला माहीत होतं, पण ते पुस्तकाच्या भाषेत माहीत होतं. रात्रभर त्या प्रश्नानं झोप लागू दिली नाही. पुढच्या रविवारी घरातून दोन घागरी घेऊन गेले, एक लहान, एक मोठी. म्हटलं, “आक्का, ही हवा समजा. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे घागर मोठी झाली. आता ही भरायला वेळ जास्त लागणार, म्हणून पाऊस लांबतो, ढग नुसतेच येऊन जातात. आणि भरून एकदा कलंडली, की लहान घागरीपेक्षा जास्त पाणी एकदम अंगावर.” आक्कांनी दोन्ही घागरी हातानं उचलून पाहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी आभाळाची घागर मोठी झाली, आन आमचं अंगण हाय तेवढंच ऱ्हायलं.”

अगं, हे वाक्य आयुष्यभर शिकवूनही मला सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या गटात “मोठी घागर” हा शब्द रूढ झाला. कार्यकर्ता तयार होतो का, याचं उत्तर मला त्या दिवशी कळलं. विषय त्याच्या भाषेत उतरला, त्याच्या तोंडून परत बाहेर पडला, की तो तयार व्हायला लागतो. त्याआधी कितीही तास घेतले तरी तो नुसता श्रोता असतो.

आणि ही घागर काही कल्पनेतली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनं वाढले. त्यामागं तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येणारी वाफ आहे. आम्ही तर ऑगस्ट २०१९ डोळ्यांनी पाहिला आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कृष्णा ५७ फुटांवर गेली. आपल्याच पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना नाव उलटली, बायाबापड्या आणि लेकरं गेली. कुंडल नदीपासून आत आहे, म्हणून माझी मावसबहीण तिच्या कुटुंबासकट बारा दिवस आमच्याकडं होती. रात्री झोपेतून उठून ती विचारायची, “म्हशी सोडल्या होत्या ना गं दाव्याच्या?” आणि त्याच ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडं, पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते. एका जिल्ह्यात एकाच महिन्यात नावही लागली आणि टँकरही लागला. महापुरामागं धरणांतला विसर्ग आहे, नदीपात्रातली भर आणि बांधकामं आहेत, हेही आम्ही शिकवतो. सगळं खापर आभाळावर फोडलं तर माणसांनी सुधारायचं ते राहून जातं.

आता बाटल्यांचं सांगते. आमच्याकडं प्रत्येक नव्या माणसाचं पहिलं काम म्हणजे घरी पर्जन्यमापक करणं. शीतपेयाची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, की नाळकं झालं. बुडाला खडबडीत भाग असतो, तिथं खडे आणि पाणी घालून शून्याची रेघ मारायची. वर फूटपट्टी चिकटवायची. उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, विटांच्या आधारानं ठेवायची. रोज सकाळी साडेआठला वाचायची आणि वहीत लिहायचं. बस्स.

पण या एवढ्याशा गोष्टीतून काय काय निघतं बघ. मेंढरं राखणाऱ्या पोरानं विचारलं, “बाई, माझी बाटली रुंद, हिची अरुंद. मग माझ्याकडं जास्त पाऊस भरणार न्हाय का?” मी उत्तर दिलं नाही. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि वळवाची वाट बघितली. पाऊस झाल्यावर दोन्हींत पाणी सारख्याच उंचीवर होतं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहण्यासाठी मी पुन्हा तीस वर्षं नोकरी करीन. तोंड रुंद तसं बूडही रुंद, म्हणून उंची तीच, हे त्यानंच इतरांना समजावून सांगितलं. मग आम्ही हिशोब केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकराला चार हजार लिटरच्या वर. म्हणजे तीन मिलिमीटरची एक सर एका एकरावर बारा हजार लिटरचा टँकर ओतून जाते. आबा पाटकरी कपाळाला हात लावून म्हणाले, “आन आपुन त्यो टँकर ओढ्याला घालवतोय.”

एवढं झाल्यावर पाणी कुठं आणि कसं अडवायचं हा प्रश्न मला विचारावा लागला नाही, त्यांनीच काढला. तिथं आम्ही शेजारच्या सातारा जिल्ह्याकडून उसनं घेतलं. पाणी फाउंडेशननं २०१६ मध्ये पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली, ती वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत. आपल्या कोरेगावच्या वेळू गावानं त्यात पहिला क्रमांक मिळवला. त्या कामाचा गाभा स्पर्धेपेक्षा प्रशिक्षणात होता, असं मला वाटतं. गावानं निवडलेली चार-पाच माणसं निवासी वर्गाला जायची, खेळांतून आणि गाण्यांतून पाणलोट शिकायची, आणि परत येऊन गावाला शिकवायची. तिथलं एक साधन आम्ही वापरतो, हायड्रोमार्कर. नाव मोठं, वस्तू साधी. दोन काठ्यांवर आकडे मारायचे आणि मध्ये पारदर्शक नळी लावून तिच्यात पाणी भरायचं. दोन माणसं दोन काठ्या घेऊन उतारावर उभी राहतात. दोन्हीकडं पाणी एकाच आकड्यावर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथं फक्कीनं खूण करायची आणि पुढं सरकायचं. अशा खुणा जोडत गेलं की समतल चराची रेघ मिळते. डोंगराच्या पायथ्याला आम्ही एक अख्खी सकाळ हे केलं. सासू एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला, आणि दोघींचा वाद, “तुमची काठी वाकडी हाय” म्हणून! शेवटी दोघी नळीकडं वाकून बघायला लागल्या, तेव्हा वाद मिटला. पाण्यानं दाखवलेली पातळी दोघींना मान्य.

तू लिहिलंस की तुमच्या वर्गात अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या कामाचा उल्लेख झाला. त्यांनी २००६ मध्ये टेनेसीतल्या आपल्या शेतावरच्या कोठारात ५० जणांना गोळा करून हे शिकवायला सुरुवात केली होती. मला हे वाचून कुंडलच आठवलं. तुला आठवतं, पहिल्यांदा तू इथं आलीस तेव्हा माझ्या वडिलांनी तुला गाव दाखवताना सांगितलं होतं, “पोरी, ही एका सरकारची राजधानी हाय”? तेव्हा आपण हसलो होतो. मला त्या हसण्याचं आज वाईट वाटतं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथून चाललं. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, हा बराचसा भाग साताऱ्यात. आणि कुंडल तर औंध संस्थानात. औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ मध्येच घटना देऊन गावपंचायतींच्या हाती कारभार सोपवला होता. म्हणजे आपला कारभार आपण करायचा, ही सवय या मातीला स्वातंत्र्याच्या आधीच लागली होती.

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवून पैसा काढून घेतला, हे आमच्या मुलांना माहीत असतं, कारण ती गोष्ट थरारक आहे. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, ही नावंही पाठ असतात. कॅप्टन भाऊ २०२२ पर्यंत आपल्यात होते, शंभरीच्या उंबरठ्यावर गेले. त्या कारवाईला कुणी लूट म्हटलं तर त्यांना खपत नसे. लोकांचा पैसा लोकांकडं परत आणला, असं ते सांगत. मी मुलांना त्या थराराच्या मागचं काम दाखवते. प्रतिसरकारच्या तुफान सेनेतली पोरं आधी शिकली, कवायत केली, शिस्त बाणवली. प्रतिसरकारनं गावोगावी न्यायनिवाडे केले, सावकारी आणि दारूशी झगडा केला, हुंड्याशिवाय साधी लग्नं लावली. लोकांचा विश्वास त्या रोजच्या कामातून आला. भाषण ऐकून कुणी आपल्या घरात भूमिगत माणसाला लपवून ठेवत नाही गं. आधी तो माणूस आपल्या भांडणात, आपल्या अडचणीत उभा राहिलेला असावा लागतो. हवामानाचं काम करणाऱ्यांना याहून वेगळा रस्ता मला दिसत नाही.

हे किती खरं आहे ते पाचटानं शिकवलं. ऊस तुटून गेला की रानात एकरी तीन-चार टन पाचट राहतं. बरेच जण ते पेटवून देतात. संध्याकाळी इथल्या आभाळात तो धूर तरंगतो, घरात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. आमच्या गटातल्या एका मुलाचे वडीलही पेटवायचे. त्याला मी म्हटलं, घरी भांडू नकोस, आधी आपण रान बघू. एप्रिलमध्ये भर दुपारी सगळे त्याच्या आणि शेजारच्या रानात गेलो. एकीकडं जळालेलं, काळं, उघडं रान. दुसरीकडं सरीआड सरी पाचट पसरलेला खोडवा. मी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. उघड्या रानात दहा पावलं चालवेना, तळपाय भाजले. पाचट बाजूला सारून खालच्या मातीवर हात ठेवला तर ती गार, थोडी ओलसर, आणि बोटाखाली एक गांडूळ. कुणी काहीच बोललं नाही. बचत गटातल्या बाया तर कितीतरी वेळ तळहात मातीवरच ठेवून बसल्या होत्या.

सेंद्रिय कर्ब हा शब्द मग सोपा झाला. उसानं हवेतला कर्ब ओढून पानात साठवला. पाचट पेटवलं तर जवळजवळ सगळा परत हवेत, कुजवलं तर त्यातला काही मातीत. हवेत गेला की ताप, मातीत राहिला की खत. युरियाचंही तिथंच बोललो. पिकाला न लागलेल्या नत्रातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. नदीकाठच्या रानांत पाटानं वारेमाप पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, पांढऱ्या पडल्या, त्या सगळ्यांनी पाहिलेल्याच आहेत. पाणी जास्त, खत जास्त, वीज जास्त आणि जमीन मेलेली, हा हिशोब शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

तरी त्या मुलाचे वडील म्हणाले, “मला समदं कळतंय. पर टोळी ऊस तोडून गेली की मजूर कुठनं आणू? पाचट पसरायला चार माणसं लागत्यात, काडी वढायला एक बास.” इथं माझी पोरं थांबली. तोवर त्यांना वाटत होतं की माणसं अडाणीपणानं पाचट जाळतात. आता कळलं की मजूर नाही म्हणून जाळतात. मग आमची मागणीच बदलली. “जाळू नका” हा उपदेश सोडला आणि पाचट कुट्टी यंत्र सोसायटीमार्फत भाड्यानं मिळावं, असं म्हणायला लागलो. ज्याला आपण समजावायला जातो, त्याच्याकडून आपण काय मागायचं ते शिकून येतो. प्रशिक्षणातला सगळ्यात मोठा धडा मला हाच वाटतो. म्हणून आमच्याकडं बोलायचा वर्ग सगळ्यात शेवटी असतो. आधी दोन महिने मोजायचं, मग एक महिना घरोघरी जाऊन नुसतं ऐकायचं. ऐकताना उत्तर द्यायचं नाही, वहीत लिहायचं. कोणत्या नक्षत्राला पूर्वी काय पेरायचे, ओढा कधीपर्यंत वाहायचा, हत्तीचा पाऊस आता कसा पडतो, सगळं.

मग बोलायला शिकवतो. आधी काय दिसलं, मग काय मोजलं, आणि मग काय हवं, या क्रमानं चार मिनिटं. १ मे च्या ग्रामसभेत शेजारच्या एका गावी आमच्यातली बारावी झालेली मुलगी उभी राहिली. पहिल्या ओळीत सगळे पुरुष. हातातला कागद थरथरत होता. मागून कुणीतरी म्हणालं, “बस पोरी खाली, हे मोठ्यांचं काम हाय.” ती बसली नाही. तिनं सांगितलं, गावात किती एकर खोडवा आहे, किती जणांनी पाचट जाळलं, किती जणांना यंत्र मिळालं तर जाळायचं नाही. नावानिशी, घरवार यादी. ज्यानं खाली बस म्हटलं होतं, त्याचंही नाव यादीत, यंत्र हवं म्हणून! सभा हसली, तोही हसला, आणि ठरावाला सूचक म्हणून त्यानंच हात वर केला. यंत्र अजून आलेलं नाही. पाठपुरावा चालू आहे, दर पंधरा दिवसांनी दोघंजण जाऊन विचारून येतात. हे विचारत राहणंही आम्ही शिकवतो, कारण बरीच कामं ठरावापाशीच दमतात. राज्य सरकारचं २०२० पासूनचं ‘माझी वसुंधरा’ अभियान आहे, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गावांचं मूल्यमापन होतं. त्याचे निकष मुलांनी वाचून काढले आहेत. पंचायतीच्या दारात जाताना तिला समजेल असा कागद हातात असला की बोलणं लवकर पुढं सरकतं.

सगळं असं गोड चाललं आहे असं समजू नकोस. द्राक्षवाल्या मुलाचं सांगते. २०१९ मध्ये महापूर ओसरला, वाटलं आता सुटलो, तर ऑक्टोबरात परतीचा पाऊस हटेना. छाटणी झालेल्या बागेत दावण्या आला, फुलोऱ्यातले घड गळाले. त्याच्या वडिलांनी पुढं बागच काढून टाकली. तेव्हा तो शाळेत होता. तो गटात आला तो रागानं. पहिल्याच बैठकीत म्हणाला, “बाई, धूर त्यांनी केला, भोगायचं आम्ही, आन शानपन बी आमालाच?”

त्याला काय सांगणार? आकडा त्याच्याच बाजूचा आहे. तुमच्या कॅनडातला माणूस सरासरी वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, आपल्याकडचा दोन टनांच्या आसपास. मी म्हटलं, तुझा राग खरा आहे, तो सोडू नकोस. पण त्या रागाला कामाला लाव. ज्यांनी धूर केला त्यांच्याकडं हिशोब मागायचा असेल तर आपल्या नुकसानीची नोंद आपल्याकडं हवी, तारीखवार. आणि पुढचा पाऊस तर आपल्याच रानात पडणार आहे, त्याची तयारी दुसरं कुणी करणार नाही. आता तो गटाची नोंदवही सांभाळतो. अक्षर मोत्यासारखं आहे.

आणि इथंच मला तुझी गरज आहे. त्याचा प्रश्न मी तुझ्यापर्यंत पोचवते आहे. तू तिथं मतदार आहेस. तुमच्या खासदाराला पत्र लिहिण्याचं तुमच्या वर्गात शिकवलं असं लिहिलंस ना? मग त्या पत्रात तुझ्या नातवाच्या धुराशेजारी या मुलाची बागही लिही. इथलं काम आम्ही करतो, तिथलं काम तुला करायचं आहे. एकाच कामाची ही दोन टोकं आहेत, हायड्रोमार्करच्या दोन काठ्यांसारखी. मध्ये पाणी एकच.

कधी कधी मलाही खचल्यासारखं होतं. मग सगळ्यांना घेऊन सागरेश्वरला जाते. तू पाहिलंस तेव्हा ते डोंगर बोडके होते. चरून चरून दगड उघडा पडलेला. मोहित्यांच्या वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना बरोबर घेऊन तिथं झाडं उभी केली, आणि १९८५ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण माणसांनी हातानं वाढवलेलं. आता तिथं सांबर आहे, चितळ आहे, काळवीट आहे. गेल्या महिन्यात पहाटे गेलो होतो. पाणवठ्याजवळ एक सांबराची मादी पाडसाला घेऊन उभी होती. तिनं आमच्याकडं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागली. आबा पाटकरी माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “बाई, म्या हितं शेळ्या राखल्यात. सावलीला एक झाड नव्हतं.” ते वाक्य मी सगळ्यांना मोठ्यानं परत सांगायला लावलं. आपल्या आधीच्या माणसांनी एक डोंगर हिरवा करून दाखवला, याचा डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार गटात आहे. पुस्तकातली शंभर उदाहरणं त्याच्यापुढं फिकी.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं. कार्यकर्ता तयार होतो. वेळ लागतो, आणि तो आपल्या शिवारातून तयार होतो. बाटलीत पाणी मोजणाऱ्याला उद्या जगाचा आलेख वाचता येतो, हे मी पाहिलं आहे. आलेखापासून सुरुवात केलेले मात्र बाटलीपर्यंत क्वचित पोचतात.

तुला पाठवायच्या भडंगाचा डबा भरून ठेवला आहे. इथल्या एका घरची सून पुढच्या महिन्यात तिकडं यायची आहे, तिच्याबरोबर देते. नातवाला माझा गोड पापा. तुमच्या वर्गात काय काय शिकवतात ते सविस्तर लिही, उसनं घेण्यासारखं असेल ते घेऊ.

तुझी,
कुंडलची मैत्रीण

ता. क. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात पहिली सर आली. अर्धा तासच पडली, पण मातीचा वास सुटला. एकवीस घरांतून एकवीस आकडे उद्या सकाळी येतील. द्राक्षवाला मुलगा रात्रीच दारात येऊन विचारून गेला, “बाई, साडेआठलाच वाचायचं न्हवं? आत्ता नगं?” त्याला म्हटलं, साडेआठलाच. तूही एक बाटली कापून अंगणात ठेव. नातवाला वाचायला सांग, आणि पत्रात आकडा लिहून पाठव. वहीत बाविसावा रकाना तुझ्या नावानं आखून ठेवते.